सहा नंबरच्या ग्लव्हला लागलेला बॉल

बेसबॉलची मॅच मी आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही. टीव्हीवर कधी लागलीच तर पाच मिनिटांत मला डुलकी येते. तरीसुद्धा त्या खेळाची स्कोअरशीट मला भरता येते, आणि एकदा तर एका जुन्या मॅचमधल्या एका बॉलचा निकाल माझ्याकडून मागितला गेला होता. मी तो दिला. बरोबर दिला की चूक, हे तेव्हा कळलं नाही, आणि पुढे जे झालं त्यानं गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला.

साठच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरचा. मॅट्रिक झालो, टायपिंग शिकलो आणि गावातल्या इतरांसारखा बोटीनं दुबईला आलो. तेव्हा हा देश देश झाला नव्हता. खाडीच्या दोन काठांवर वस्ती, बाकी सगळी वाळू. आज मी मनखूलमध्ये ज्या इमारतीत राहतो, तिथं तेव्हा उंट बसलेले असायचे. समुद्रात तेल शोधणाऱ्या एका अमेरिकन ड्रिलिंग कंपनीचा किनाऱ्यावर कॅम्प होता, तिथं मी स्टोअर क्लार्क म्हणून लागलो. पाइप, बिट, दोरखंड, ग्रीसचे डबे, काय आलं आणि काय गेलं ते लिहायचं.

कॅम्पात माझ्या भाषेचं माणूस एकच होतं, किचनमधला कुक. कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या रायगडचा. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो. अमेरिकन लोकांना पाव लागायचा, तो ते रोज स्वतः भाजायचे, आणि आमच्या दोघांसाठी बाजूला तांदळाची भाकरी थापायचे.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आम्ही हिंदी-पाकिस्तानी क्लार्क लोक कंपनीच्या पिकअपमधून शारजाला जायचो आणि रोल्लाच्या मोठ्या वडापलीकडे कडक वाळूवर क्रिकेट खेळायचो. माझा खेळ बेताचा, म्हणून स्कोअरची वही माझ्याकडे. ती वही एकदा स्टोअरच्या काउंटरवर राहिली आणि ड्रिलरनं उचलली.

ड्रिलर म्हणजे विहिरीवरचा मुख्य माणूस. पस्तिशीचा, दाराच्या चौकटीत डोकं वाकवून येणारा उंच अमेरिकन. कमी बोलायचा. त्यानं वहीची पानं उलटली, ठिपके, आकडे, आडव्या रेघा बघितल्या.

"हे तू लिहितोस?"

"हो सर."

"यात चूक झाली तर?"

"दोन स्कोअरर असतात सर. ओव्हर संपली की एकमेकांशी ताडून बघतो."

"आमच्यात एकच असतो," तो म्हणाला. वही ठेवली. मग जाता जाता म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी माझ्या केबिनवर ये. आमच्या खेळाचं लिहायला शिकवतो."

कशासाठी, ते मी विचारलं नाही. ड्रिलरनं बोलावलं की जायचं, एवढंच मला माहीत होतं. त्या शुक्रवारी माझ्याशिवाय क्रिकेट झालं.

त्याची केबिन म्हणजे चाकांवरचा पत्र्याचा कॅरॅव्हॅन. आत एसी, पलंग, टेबल आणि टेबलावर मोठा टेपरेकॉर्डर. अमेरिकेतून त्याचा भाऊ तिथल्या रेडिओवरच्या बेसबॉलच्या कॉमेंटरी रिळांवर उतरवून पाठवायचा. पगारी खेळाडूंच्या, मोठ्या टीमच्या मॅच. मी लेजरच्या कागदावर त्यानं सांगितले तसे चौकोन आखले, पेन्सिल घेतली आणि ऐकायला लागलो.

काहीही समजेना. फील्डरना नावांऐवजी नंबर. बोलरला ते पिचर म्हणतात, तो एक. मागचा विकेटकीपरसारखा दोन. मग तीन, चार, पाच असे बेसवरचे, बेस म्हणजे बॅट्समननं पळत गाठायच्या जागा. सहा नंबरवाला उभा कुठे, तर चार आणि पाचच्या मध्ये.

"मग त्याला पाच का नाही म्हणत?"

"नाही म्हणत."

बॅट्समन तीनदा चुकला की आउट, त्याला म्हणतात स्ट्राइकआउट, आणि त्याची खूण के. मी म्हटलं स्ट्राइकआउटला एस हवा. तो म्हणाला, एस दुसऱ्या कशाला तरी दिलाय. पिचरनं चार बॉल वाईट टाकले की बॅट्समन हात हलवत, न खेळता पहिल्या बेसवर जातो. हे मला अन्यायाचं वाटलं. शिवाय चाचांनी किचनमध्ये मोठा ओव्हन लावला की जनरेटर दबायचा, टेप मंद व्हायची आणि कॉमेंटेटरचा आवाज म्हाताऱ्या मुल्लासारखा जाड व्हायचा. ओव्हन बंद झाला की परत तरुण. पहिल्या शुक्रवारी मला वाटलं की कॉमेंटेटर दोन आहेत.

सगळ्यात अवघड गेली ती एक गोष्ट. बॅट्समन बॉल मारून बेसवर पोचला तर तो हिट. पण फील्डरच्या चुकीमुळे पोचला तर ती एरर. ती बॅट्समनच्या खात्यात जात नाही, फील्डरच्या नावावर लागते. ही चूक होती की नव्हती, ते ठरवतो स्कोअरर. अंपायर नाही. वर बसून लिहिणारा माणूस.

आमच्या क्रिकेटच्या वहीत सुटलेल्या कॅचला जागाच नसते. रन झाले तर रन लिहायचे, कसे झाले ते ज्याचं त्याला माहीत. लिहिणाऱ्यानं न्याय करायचा, ही कल्पनाच मला पेलेना.

दुसऱ्या शुक्रवारी त्यानं मला नो-हिट मॅच म्हणजे काय ते सांगितलं. नऊच्या नऊ इनिंग संपल्या आणि समोरच्या टीमचा एकही हिट नाही, की ती नो-हिट. पगारी खेळात पिचरची सगळी उमर जाते, पण अशी एक मॅच हाती लागत नाही.

"म्हणजे कोणी बेसवर जातच नाही?"

"जाऊ शकतो. वाईट बॉलवर. एररवर."

"मग त्यांचे रन होऊ शकतात?"

"होऊ शकतात."

"मग तो पिचर मॅच हरूही शकतो?"

"हरूही शकतो. तरी नो-हिट ती नो-हिट."

मी मान डोलावली. परत येताना विचार करत होतो की ज्या मॅचमध्ये काही घडत नाही तीच सगळ्यात मोठी आणि ती जिंकलीच पाहिजे असंही नाही, तर मग हे लोक टाळ्या नक्की कधी वाजवतात.

तिसऱ्या शुक्रवारी त्यानं पलंगाखालून वेगळा खोका काढला. जुना, दोऱ्यानं बांधलेला. आत तीन रिळं. या टेपवरचा आवाज मोठ्या रेडिओचा नव्हता. लहान गावचा कॉमेंटेटर, मागे थोडीशीच माणसं, मध्येच कुत्रा भुंकायचा. पण टीम पगारी होत्या, अगदी खालच्या लीगमधल्या. कॉमेंटेटर पिचरचं आडनाव सारखं घेत होता आणि ते आमच्या ड्रिलरचंच आडनाव होतं. मला वाटलं, असेल कोणी. आमच्या गावात अर्ध्या मोहल्ल्याचं आडनाव एकच आहे.

मी लिहीत गेलो. के, के, सहा-तीन, म्हणजे सहानं उचलून तीनकडे फेकला आणि आउट, मग परत के. आता हात बसला होता. सातवी इनिंग संपली तेव्हा मी पानभर नजर टाकली. समोरच्या टीमचे दोघेजण वाईट बॉलवर बेसवर गेले होते, बाकी सगळे आउट. मला एकदम शिकवलेलं आठवलं आणि आनंद झाला की आपल्याला समजलं.

"सर, सात इनिंग झाल्या, आणि यांचा अजून एकही हिट..."

त्यानं हात लांब करून टेप बंद केली. माझ्याकडे बघितलंही नाही. उठला, टोपी घेतली आणि बाहेर उन्हात निघून गेला.

मी दहा मिनिटं पेन्सिल हातात धरून बसलो. मग कागद नीट लावून किचनमध्ये गेलो. माझी नोकरी गेली अशी माझी खात्री झाली होती, फक्त का गेली ते कळत नव्हतं.

चाचा कांदा चिरत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू मोजून बोललास?"

"हो. सात."

"तेच तर. आपल्याकडे होडी दर्यात असली की घरची बाई आज किती मासळी मिळेल असं तोंडातून काढते का? तुझी आई काढायची?"

नव्हती काढत. बाप दर्यावर असला की आमच्या घरात मासळीचा विषयच निघायचा नाही. मी म्हटलं, "पण चाचा, ही मॅच झालेली आहे. किती वर्षांपूर्वी. टेपवर आहे. झालेल्या मॅचला नजर कशी लागेल?"

चाचांनी पुढचा कांदा घेतला. "ते मला नाही सांगता येणार. पण तू तोंड बंद ठेव."

नंतर मला समजलं की पिचरची नो-हिट चालू असली की त्यांच्यात कोणी तसं बोलत नाही. त्याच्या शेजारी बसत नाहीत, कॉमेंटेटरसुद्धा तो शब्द टाळतो. मी टेप परत आठवून बघितली. खरंच, तो टेपवरचा माणूस दीड तास बोलत होता, पण हिट किती झाले ते त्यानं एकदाही सांगितलं नव्हतं.

आठवडाभर ड्रिलर स्टोअरमध्ये आला, पाइप मागितले, सह्या केल्या, गेला. गुरुवारी म्हणाला, "उद्या येतोस ना?"

आठवी इनिंग लागली. मी गप्प. पहिला आउट, दुसरा आउट. मग बॅटचा कडक आवाज आला आणि कॉमेंटेटर भराभर बोलला: जमिनीवरून जोरात, सहा नंबरच्या उजवीकडे, ग्लव्हला लागला, पडला, उचलला, फेकला, आणि पळणारा पोचला. लोकांचा गलका झाला. ड्रिलरनं टेप थांबवली.

"लिही."

"काय लिहू सर? कॉमेंटेटर सांगेल ना पुढे?"

"त्याला सोड. तू लिही. हिट की एरर?"

मी परत लावायला सांगितलं. त्यानं लावली. पुन्हा. पुन्हा. सहा-सात वेळा ऐकलं. तो टेबलाच्या कडेवर अंगठा घासत उभा होता.

"मी बघितलं नाही सर."

"मला माहीत आहे."

"विचार करायला वेळ मिळेल का?"

"आठवडा घे," तो म्हणाला, आणि नियमांची एक छोटी चोपडी माझ्या हातात दिली.

माझ्या नातवाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नाना, जस्ट वॉच द व्हिडिओ." त्याला वाटतं प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ कुठेतरी असतोच.

चोपडीत लिहिलं होतं की फील्डरनं साधारण प्रयत्न केला असता तर आउट झाला असता का, ते बघावं. साधारण म्हणजे काय, ते चोपडीत नव्हतं. मी आठवडाभर पाइप मोजताना त्या 'साधारण' शब्दाशी झगडत होतो. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "त्याच्या मनात काय आहे?"

"ते तो सांगत नाही."

"मग सांगू नये असंच काहीतरी असेल. तू त्याला आवडेल ते लिही."

"पण त्याला काय आवडेल तेच कळत नाही ना चाचा."

शेवटी मी एक युक्ती काढली. बॅटचा आवाज आणि 'ग्लव्हला लागला' हे शब्द, यांच्यामध्ये किती वेळ गेला ते बघायचं. वेळ भरपूर असेल तर फील्डरची चूक. वेळच नसेल तर बिचाऱ्यानं काय करावं? पण टेपची चाल जनरेटरवर, आणि जनरेटर ओव्हनवर. म्हणून मी चाचांना विनंती केली की शुक्रवारी दुपारी तासभर ओव्हन लावू नका. ते कुरकुरले, पावाचं पीठ फुगून बाहेर येईल म्हणाले, पण नाही लावला.

मी मनगटावरचं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि दोनदा ऐकलं. सेकंदकाटा जेमतेम एक घर सरकत होता. कॉमेंटेटरला मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती.

"हिट, सर," मी म्हटलं. "एवढ्या वेळात साधारण प्रयत्नानं काही होत नाही. त्यानं ग्लव्ह लावला हेच जास्त."

त्यानं टेप पुढे सोडली. गलका कमी झाला, आणि कॉमेंटेटर थोडा ओशाळून म्हणाला की स्कोअररनं हिट दिला आहे. पुढचा बॅट्समन आउट झाला. नववी इनिंगही तशीच गेली. पिचरची टीम जिंकली. सबंध मॅचमध्ये तो एकच हिट.

"तो पिचर मी होतो," ड्रिलर म्हणाला.

आडनावाचा अर्थ मला तेव्हा लागला. मी म्हटलं, "सर, मला माहीत असतं तर..."

"म्हणून सांगितलं नाही."

मग त्यानं बाकीचं सांगितलं. स्कोअरर गावच्या वर्तमानपत्राचा माणूस होता, वयस्कर, चष्मेवाला. मॅच संपल्यावर हा जिना चढून वर गेला आणि त्याचा टाइपरायटर उचलून खाली फेकला. पायऱ्यांवर त्याचे तुकडे झाले. टीमनं याला आधी मॅचबाहेर बसवलं, आणि सीझन संपल्यावर सोडून दिलं. रागीट माणूस अशी बातमी पसरली, दुसऱ्या टीमनं घेतलं नाही. मग तो तेलाच्या विहिरींवर आला. टेप त्याच्या आईनं रेडिओ स्टेशनकडून मागून आणली होती, मुलाची चांगली मॅच म्हणून.

"बारा वर्षं मी म्हणतोय एरर," तो म्हणाला. "ज्याला माझी पर्वा नाही असा माणूस हवा होता."

मला वाईट वाटलं, कारण तोपर्यंत मला त्याची थोडी पर्वा वाटायला लागली होती.

पुढच्या आठवड्यात तो स्टोअरमध्ये आला आणि मला एक पत्र टाइप करायला सांगितलं, त्या स्कोअररच्या नावे. तीनदा मजकूर सांगितला, तीनदा कागद फाडला. शेवटी दोनच ओळी राहिल्या. तुम्ही बरोबर होता. टाइपरायटरबद्दल मला लाज वाटते. मी टाइप करत होतो आणि मनात येत होतं, की माझ्या एका घड्याळावर आणि चाचांच्या बंद ओव्हनवर हा माणूस बारा वर्षांचं भांडण सोडतो आहे. मी एवढा खात्रीचा माणूस नाही, हे त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. सही झाली, पत्र टपालात गेलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ड्रिलरनं ते माझ्या काउंटरवरच उघडलं, वाचलं, परत वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

म्हातारा अजून हयात होता. वळणदार अक्षरात त्यानं लिहिलं होतं की टाइपरायटर ऑफिसचा होता, त्याची काळजी करू नये. पण मॅच संपली तेव्हाच आपल्याला शंका आली होती. तो सहा नंबरचा पोरगा असे बॉल रोज पकडायचा. आपण एरर द्यायला हवी होती. दुसऱ्या दिवसापर्यंत निकाल बदलायची मुभा असते आणि बदलावा असं मनात आलंही होतं. पण पायऱ्यांवरचे तुकडे गोळा केल्यावर बदलवेना. लोक म्हणाले असते की घाबरून बदलला.

मी पत्र खाली ठेवलं. ड्रिलर म्हणाला, "तू काय म्हणाला होतास?"

"हिट, सर."

"तो तेव्हा हिट म्हणाला होता, आता म्हणतो एरर. मी इतकी वर्षं एरर म्हणत होतो, आणि या दोन महिन्यांत मला हिट पटला होता. चांगली झोप लागत होती मला."

"त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं सर. मी नाही."

"त्याचा चष्मा जाड होता," ड्रिलर म्हणाला.

इतक्यात चाचा चहा घेऊन आले. आमची तोंडं बघून त्यांनी मला विचारलं की घरून काही वाईट खबर आहे का. मी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बॉल हातातून पडला. मग उचलला का नाही?"

"उचलला."

"हरवला नाही ना?"

"नाही."

"मग भांडण कशाचं?"

ड्रिलरनं मला विचारलं, कुक काय म्हणतो. मी भाषांतर करून सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. पण त्यानं चहाचा कप घेतला आणि म्हणाला, "त्याला सांग, मला माहीत नाही."

मी सांगितलं. चाचा म्हणाले, "यालाच माहीत नसेल तर खलास," आणि किचनमध्ये गेले.

त्यानं म्हाताऱ्याला परत लिहिलं की नाही, मला कळलं नाही. माझ्याकडून तरी टाइप करून घेतलं नाही. शुक्रवारची बोलावणी बंद झाली. मी परत शारजाला क्रिकेटला जायला लागलो. पण काही दिवस स्कोअर लिहिताना पेन्सिल अडायची. कॅच सुटला की मी फील्डरचा चेहरा बघत बसायचो आणि तेवढ्यात पुढचा बॉल टाकून झालेला असायचा. आमचा कॅप्टन ओरडायचा, "यल्ला, लिखो भाई."

हिवाळ्यात कंपनीनं ड्रिलरला दुसऱ्या समुद्रात पाठवलं. सामान लाँचवर चढवलं जात होतं, त्यात टेपरेकॉर्डर होता. दोऱ्यानं बांधलेला खोका मला दिसला नाही, सुटकेसमध्ये असेल किंवा नसेल. तो जेटीवर माझ्याजवळ आला, हात मिळवला. मला वाटलं, आता तो त्या बॉलबद्दल काहीतरी शेवटचं बोलेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण ते हिट होतं की एरर हे आज मला आठवत नाही.

त्यानं विचारलं, मोठ्या पाइपचा स्टॉक किती राहिला. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, महिनाभर पुरेल, आणि लाँचमध्ये चढला.